पिल्लाआधी आई पाहावी : कुत्र्यांची पैदास, धंदा आणि जबाबदारी

आमच्या भंडारा जिल्ह्यात बैल घ्यायला कोणी एकटा जात नाही. गावातला एखादा जाणता माणूस सोबत असतो. तो बैलाचा जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळला आहे ते ठरवतो. मग खांद्यावर जू बसते ती जागा चाचपतो, खूर उचलून बघतो, बैलाला दहा पावले चालवतो, वळवतो. भोवरेही बघतो, त्यात श्रद्धेचा भाग किती आणि अनुभवाचा किती हे सोडून देऊ. शेवटी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. या सगळ्याच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो : जनावर कोणाच्या घरचे? शंकरपटाच्या बैलाच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी मागे जातो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा वैध ठरल्या. या मधल्या काळातही कोणत्या घरी कोणती जोडी होती आणि तिचे गोऱ्हे कुठे गेले, हे पटाच्या शौकिनांना तोंडपाठ होते.

त्याच घरातला मुलगा जेव्हा लॅब्राडोरचे पिल्लू घ्यायचे म्हणतो, तेव्हा ही सारी परंपरा कुठे जाते कळत नाही. मोबाईलवर एक फोटो येतो. पैसे आधी पाठवले जातात. नागपूरहून, म्हणजे साठेक किलोमीटरवरून, पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू येते आणि बसस्थानकासमोर हाती पडते. कोणाच्या घरचे, असे विचारले तर उत्तर मिळते : मोबाईलवरून घेतले. विकणाऱ्याचे आडनावही माहीत नसते. पाच-सहा दिवसांनी पिल्लाला रक्ताची हगवण लागते, गुरांच्या दवाखान्यात सलाईन लावतात, आणि बऱ्याचदा ते जाते. घरातली लहान मुले आठवडाभर जेवत नाहीत. विकणाऱ्याचा फोन मात्र बंद असतो.

मी पशुवैद्य नाही. वाचून, विचारून आणि जिथे जाता आले तिथे जाऊन जे समजले ते इथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे : कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांपैकी जबाबदार कोण आणि निव्वळ पिल्लांचा कारखाना चालवणारा कोण, हे गिऱ्हाइकाला कसे ओळखता येईल?

आधी ही ओळख अवघड का आहे ते पाहू. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे असे की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला दिसत नसेल, तर घेणारा सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विकणारा बाजार सोडतो आणि सरासरी आणखी खाली येते. कुत्र्याच्या पिल्लाचा बाजार याच जातीचा आहे. दीड महिन्याचे कोणतेही पिल्लू गोंडसच दिसते. त्याचा खुबा पुढे निखळणार आहे का, ते माणसांना भिणार आहे का, त्याच्या आतड्यात आज काय वाढते आहे, यातले काहीच फोटोत दिसत नाही. मायदेखत वाढलेले पिल्लू आणि पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू पडद्यावर सारखेच. म्हणून भावावर घासाघीस होते आणि ज्याने कमी खर्च केला तो जिंकतो.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी परीक्षा म्हणजे आई पाहणे. पिल्ले जिथे जन्मली तिथे जाऊन, आईजवळ असताना पाहणे. इंग्लंडमध्ये यावरच कायदा झाला. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ साली सोडवलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून त्याला लूसीचा कायदा म्हणतात. एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दलालाला किंवा दुकानाला विकता येत नाही. जिथे जन्मले तिथूनच, आई दाखवून विकावे लागते. आपल्याकडे असा नियम नसला तरी गिऱ्हाइकाला तो स्वतःपुरता लावून घेता येतो. विकणारा म्हणतो, “तुम्ही कशाला त्रास घेता, मीच अर्ध्या वाटेवर आणून देतो.” या सौजन्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की घरी दाखवण्यासारखे काही नाही.

आई दाखवली तरी ती खरी आई आहे का, हेही बघावे लागते. पिल्ले बाहेरून आणून एखादी देखणी कुत्री शेजारी बसवणे ही जुनी युक्ती आहे. दीड-दोन महिने पिल्लांना पाजलेली कुत्री देखणी नसते. तिची आचळे लोंबलेली असतात, बरगड्या थोड्या दिसतात, अंगावरचे केस गळत असतात. व्याल्यानंतर दोनेक महिन्यांनी कुत्री केस टाकतेच. तेव्हा आई फारच तुकतुकीत, पोट घट्ट आणि आचळे बसलेली दिसली तर संशय घ्यावा. पिल्ले तिच्याकडे धावतात का, ती त्यांना हुंगते की गुरगुरून दूर करते, हे पाचच मिनिटांत कळते. आणि तिचा स्वभाव बघावा. ती अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात लपत असेल तर ते भय पिल्लांत उतरते. काही रक्तातून, काही बघून.

दुसरी परीक्षा वयाची. आपल्याकडच्या धंद्यात ‘पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू’ हा ठरलेला शब्द आहे आणि प्रत्यक्षात ते पस्तीस दिवसांचेही निघते. कारण सरळ आहे. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लांचे खाणे आईच्या दुधातून भागते; त्यानंतरचा प्रत्येक दिवस विकणाऱ्याच्या खिशातून जातो. खाणे, जंतांचे औषध, लस आणि साफसफाई, सगळा खर्च तिथून सुरू होतो. इथे बैलबाजारातले शहाणपण उपयोगी पडते : दात बघा. पिल्लाचे पुढचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सगळे अठ्ठावीस दात येतात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर दोन महिन्यांची गोष्ट खोटी आहे. बोटाने ओठ वर करायला कोणाची हरकत नसावी; हरकत घेतली तर तेही उत्तरच आहे.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी? अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पाच जातींच्या कुत्र्यांवर अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने आला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाच्या मनाचे एक दार उघडे असते, असे त्यांना आढळले. या काळात ते भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे ते शिकते. माणूस, भांड्यांचा आवाज, मोटार, पाऊस हे सगळे ओळखीचे होते. या काळात जे अनुभवले नाही ते पुढे भीतीचे कारण बनते. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिल्लू चावरे झाले की लोक जातीला दोष देतात. उलट, तीन महिने पिंजऱ्यात काढून आलेले पिल्लूही तितकेच बिघडलेले असते, आणि ते फार प्रेम केल्याने सुधारत नाही. म्हणून आठ आठवडे कुठे काढले हेही विचारले पाहिजे. घरातल्या माणसांच्या वावरात, की मागच्या शेडमध्ये?

आता त्या पाचव्या दिवसाच्या हगवणीकडे येतो. पार्वो हा विषाणू १९७८ साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. त्याची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे पिल्लू विकणाऱ्याच्या शेडमध्ये आजारी पडते, पण कोसळते ते गिऱ्हाइकाच्या घरात. ‘चोवीस तासांची गॅरंटी’ देणाऱ्याला हा हिशेब चांगला ठाऊक असतो. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही. ब्लीचिंगचे पाणी लागते. त्यामुळे एक पिल्लू गेले की लगेच त्याच अंगणात दुसरे आणणे म्हणजे त्यालाही तोच आजार देणे.

लसीच्या बाबतीतही फसवणूक सोपी आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लात सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी ओसरते आणि ती आहे तोवर लस नीट लागू पडत नाही. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत आणि मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. ‘सगळ्या लशी झाल्यात’ असे दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कोणी सांगितले तर ते खरे असूच शकत नाही. लसीच्या कार्डावर कुपीचे चिकटवलेले लेबल, बॅच क्रमांक, तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक असावा. पैदास करणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात भरलेले आणि स्वतःच टोचलेले कार्ड रद्दी समजावे, कारण लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवली होती की मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत, हे त्या कार्डावरून कळत नाही.

मग कागदाचे काय? जाहिरातीत ‘पेपरसहित’ आणि ‘पेपरविना’ असे दोन भाव असतात. हे पेपर म्हणजे चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. त्यावर पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे यांची नावे असतात आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक असतो. हा दाखला पिल्लू कोणाचे आहे ते सांगतो. ते निरोगी आहे असे सांगत नाही. हा फरक फार थोडे लोक ध्यानात घेतात. पण वंशावळ वाचता आली तर एक मोठी गोष्ट कळते. तेच नाव दोन्ही बाजूंना येते आहे का? बाप आणि मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते, सावत्र भावंडांच्या पिल्लात १२.५ टक्के. दडून बसलेले दोष अशाच ठिकाणी वर येतात. आपल्या समाजात सोयरीक करताना गोत्र आणि कूळ बघणारी माणसे कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘ओरिजिनल आहे ना’ एवढेच विचारतात. मायक्रोचिप असल्याचे सांगितले तर दवाखान्यात यंत्राने वाचून घ्यावी. कागदावरचा क्रमांक आणि कातडीखालचा क्रमांक एकच निघाला पाहिजे.

आरोग्याचा खरा पुरावा आई-बापाच्या तपासणीत असतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. अमेरिकेत यासाठी १९६६ पासून एक संस्था क्ष-किरण तपासून प्रतवारी देते, पण कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ती अंतिम प्रतवारी देत नाही. आता विचार करा : दहा महिन्यांच्या कुत्रीला पहिल्याच माजावर जोड लावणाऱ्याकडे तिच्या खुब्याचा दाखला असणार कसा? त्याने वाटच पाहिलेली नसते. खुब्याचा क्ष-किरण नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काढता येतो. खुब्याचा फोटो काढला आहे का, एवढा एकच प्रश्न विचारून बघावा. “आमच्या लाइनमध्ये तसं काही नाही,” असे उत्तर येते, तेव्हा तपासले नाही एवढेच समजायचे.

वेतांचा हिशेबही मांडून बघण्यासारखा आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांत विते. दहाव्या महिन्यापासून सातव्या वर्षापर्यंत एकही माज न सोडता तिला फळवली, तर सुमारे बारा वेते होतात. वेताला सहा पिल्ले धरली तर बहात्तर. दोन वर्षांनंतर सुरुवात करून, मध्ये विश्रांती देऊन चार वेते घेतली तर चोवीस. एकाच कुत्रीच्या पोटातून तिप्पट माल! शिवाय पहिल्याने तपासणी, चांगले खाणे, आठ आठवड्यांचा सांभाळ यांतही वाचवलेले असते. दुसरा बहुधा तोट्यात असतो किंवा जेमतेम बरोबरीत. मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. पिल्ले विकून पैसे घेणे यात गैर काही नाही, आणि शौकासाठी करणारा आपोआप चांगलाही ठरत नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त पिल्ले येतात ती ना कारखान्यातून ना जाणकाराकडून. ती ‘एकदा तरी आमच्या राणीला पिल्ले व्हावीत’ म्हणणाऱ्या घरांतून येतात. त्यांची माया खरी असते, तपासणी मात्र शून्य. शेजारच्या गावातला जो नर हाताशी असेल तो लावतात. उलट, पंधरा कुत्री पाळणारा एखादा माणूस प्रत्येकीची वही ठेवणारा निघू शकतो. संख्या बघावी, पण वही आधी बघावी.

या सगळ्याचा आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर भंडाऱ्यातून पश्चिमेला, सोलापूर-सांगलीच्या आणि कर्नाटकाच्या सीमेवर जावे लागते. तिथे ज्याला कारवानी म्हणतात ते लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे, पाठीचा कणा धनुष्यासारखा असलेले शिकारी कुत्रे हे मराठी मुलखाचे सर्वांत नावाजलेले कुत्रे. रेशमी केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानात मराठा घोरपडे घराण्याने ही जात राखली. मालोजीराव घोरपडे यांनी एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिल्याचे सांगितले जाते, आणि मुधोळ हाउंड हे नाव तिथून रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला कॅरव्हान हाउंड म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ साली ‘द इंडियन डॉग’ हे पुस्तक लिहून देशी जातींकडे लक्ष वेधले होते. थिओडोर भास्करन यांचे ‘द बुक ऑफ इंडियन डॉग्स’ २०१७ मधले. मधल्या अर्धशतकात आपण अल्सेशियन आणि पॉमेरेनियनच्या मागे होतो.

माळरानावर या कुत्र्याची निवड कशी होत असे? ससा पकडतो की नाही, यावर. जो दुपारच्या उन्हात धावून परत धावू शकतो त्याची पैदास पुढे जाई, जो दमतो त्याची जात नसे. खुब्याच्या क्ष-किरणाची गरज नव्हती. लंगडे कुत्रे बाप होत नसे. ही पद्धत सोवळी होती असे मी म्हणत नाही. नको असलेल्या पिल्लांचे काय होई हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तरी तिच्यात कामाची कसोटी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण त्याबरोबर कसोटीही गेली आणि तिच्या जागी काय आणायचे याचा विचार कोणी केला नाही. मग कसोटी उरली ती गिऱ्हाइकाची. जानेवारी २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले. सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात त्याची चाचणी झाली. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापलयम आणि चिप्पीपराईसोबत त्याची जात म्हणून नोंद केली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचे नाव घेतले. प्रसिद्धी चांगलीच, पण मागणी वर्षभरात वाढते आणि कुत्री वर्षभरात वाढत नाहीत. मधली फट भरायला शर्यतीच्या ग्रेहाउंडचा संकर येतो, सख्ख्या नात्यातली जोड येते, आणि रस्त्यावरचे कोणतेही सडपातळ पिल्लू ‘मुधोळ’ म्हणून खपते. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन व माहिती केंद्र आहे, त्याचा उद्देश ही जात शुद्ध आणि निरोगी राखणे हाच. सीमेवरच्या खेड्यांत आजही असे जुने पाळणारे आहेत की जे कुत्रीच्या आजीचे नाव सांगतात आणि पिल्लू दाखवण्याआधी आईला रानात मोकळे सोडून पळवून दाखवतात. वंशावळीचा छापील दाखला त्यांच्याकडे नसेल. मला विचाराल तर ‘पेपरसहित’वाल्या अनेकांपेक्षा मी त्यांना जबाबदार म्हणेन.

विदर्भाच्या उन्हाचा विचारही इथे केला पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून उष्णता बाहेर टाकते. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि गावोगावी पग दिसू लागले. पगचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या इतके आखूड केले आहे की त्याची श्वासाची वाटच अरुंद झाली आहे. त्याला उन्हात धापा टाकूनही थंडावा मिळत नाही. सायबेरियन हस्कीची गोष्ट वेगळी, त्याच्या अंगावर बर्फासाठीचा दुहेरी केसांचा थर आहे. साकोली-पवनीच्या उन्हात, भारनियमनात, हस्की विकणारा माणूस एकाच वाक्यात ओळखता येतो : “कूलर लावा, काही होत नाही.” जबाबदार पैदासकार अशा गिऱ्हाइकाला परत पाठवतो.

कायदा आहे का? आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही. आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे वरच्या बहुतेक परीक्षा कायद्यातच लिहिलेल्या आहेत. पण मूळ कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमाखाली प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पिल्लाच्या खोक्यालाही त्याहून अधिक खर्च येतो. तरीही नोंदणी क्रमांक मागणे सोडू नये. ज्याच्याकडे तो आहे त्याने निदान कोणाला तरी आपला पत्ता दिलेला आहे.

ही गोष्ट केवळ कुत्रा पाळणाऱ्या घरांची राहत नाही, निदान आमच्या जिल्ह्यात तरी नाही. कॅनाइन डिस्टेंपर नावाचा दुसरा विषाणू लस न दिलेल्या पिल्लांत फिरतो. १९९४ साली टांझानियातल्या सेरेंगेटीत त्याने सिंहांचा सुमारे एक तृतीयांश भाग मारला. रोग भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आल्याचे अभ्यासकांनी दाखवले आणि पुढे त्या गावांतल्या कुत्र्यांना लस देण्याची मोहीम निघाली. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, त्यातही हाच विषाणू सापडला. भंडाऱ्याच्या एका बाजूला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, दुसरीकडे कोका अभयारण्य, पवनीकडे उमरेड-करांडला. या जंगलांच्या कडेची गावे कुत्र्यांनी भरलेली आहेत. शहरात हौस फिटली की मोठे झालेले कुत्रे गाडीत घालून गावाबाहेर सोडून देणारे लोक आहेत. हायवेवर गळपट्ट्यासह भटकणारा लॅब्राडोर आता नवलाचा राहिलेला नाही. ते कुत्रे गावातल्या कुत्र्यांत मिसळते आणि गावातले कुत्रे रात्री बिबट्याच्या वाटेवर जाते. नागपूरच्या कुठल्या तरी शेडमध्ये वाचवलेल्या एका लसीचा हिशेब इतक्या लांब येऊन पोहोचू शकतो.

म्हणून शेवटची परीक्षा सोडून दिलेल्या कुत्र्याचीच आहे. जबाबदार पैदासकार गिऱ्हाइकाला उलट प्रश्न विचारतो : घर स्वतःचे की भाड्याचे, दिवसभर कोण असते, आधी कुत्रे होते का आणि ते कशाने गेले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची संमती आहे का. काहींना हा अपमान वाटतो. मुलगी देताना आपण चौकशी करतो तेव्हा वाटत नाही. आणि तो लिहून देतो की काही कारणाने सांभाळणे जमले नाही, तर कुत्रे कितीही मोठे झालेले असो, माझ्याकडे आणून द्या, परस्पर कोणाला देऊ नका. पैसे परत मिळतीलच असे नाही, पण कुत्रे परत घेतो. भाव विचारण्याआधी फोनवर हे एवढेच विचारून बघावे : दोन वर्षांनी परत घ्याल का? ज्याला बारा वेतांची पिल्ले खपवायची आहेत त्याला याचे हो असे उत्तर देता येत नाही, कारण बहात्तर कुत्री परत आली तर ठेवायला त्याच्याकडे जागा नसते.